एका बिअरचे दोन कागद

एका बिअरचे दोन कागद येतात. माझ्या पहिल्या म्युनिक हेलेसचे आले तेव्हा एकावर पन्नासपैकी 32 गुण होते आणि दुसऱ्यावर 28. पहिल्या परीक्षकाने शेवटी लिहिलं होतं, ‘मऊ, स्वच्छ माल्ट. दुसरा ग्लास घ्यावासा वाटला.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘शिजवलेल्या मक्याचा वास माल्टला झाकतो आहे. वॉर्ट जास्त जोरात आणि जास्त वेळ उकळा.’ दोघं एकाच टेबलाला बसलेले, दोघांनी एकाच बाटलीतून घेतलेली. मी ते कागद ओट्यावर शेजारीशेजारी मांडले आणि बराच वेळ पाहत राहिले. सहा आठवडे थंडाव्यात ठेवून निगुतीने केलेली बिअर होती ती. आणि वॉर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, मी चांगलं नव्वद मिनिटं उकळलं होतं.

काही वर्षांनी मी स्वतः परीक्षकाची परीक्षा दिली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. तेव्हा उमगलं की मला हवं ते सगळं त्या दोन कागदांत होतं, फक्त मला ते वाचता येत नव्हतं. इथे डेन्व्हरमध्ये आमच्या क्लबात दर वर्षी नवी मंडळी पहिली बाटली स्पर्धेला पाठवतात आणि निकाल लागला की तोच गोंधळलेला चेहरा घेऊन येतात. त्यांना समोर बसवून जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत 1933 साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. 14 ऑक्टोबर 1978 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि 1 फेब्रुवारी 1979 पासून घरच्यापुरती बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. एक प्रौढ माणूस असलेल्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. विकायला बंदी. राज्यांचे कायदे वेगळे, आणि अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी 2013 मध्ये परवानगी दिली. कार्टर यांनी सही केली त्याच 1978 साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन स्थापन केली आणि 1979 मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा बोल्डरमध्येच झाली. परीक्षकांना तयार करणारा बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, ज्याला सगळे बीजेसीपी म्हणतात, 1985 मध्ये सुरू झाला. आज अमेरिकेतल्या गावोगावच्या स्पर्धा त्याच्याच नियमांनी आणि त्याच्याच गुणपत्रिकेवर चालतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिथे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. तेव्हा तिथल्या वाचकांनी हा लेख चाखण्याच्या अंगाने वाचावा. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत ग्लास समोर आला की यातलं निम्मं लगेच वापरता येईल.

स्पर्धेचा अर्ज भरताना पहिला प्रश्न येतो तो प्रकाराचा, म्हणजे स्टाइलचा. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. बीजेसीपीच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत बिअरचे 34 गट आहेत आणि प्रत्येक गटात उपप्रकार. प्रत्येक उपप्रकाराचा वास कसा, रंग कसा, चव कशी, कडूपणा किती, अल्कोहोल किती, सगळं लिहून ठेवलेलं. तुमची बिअर चांगली आहे का, असा परीक्षकाला प्रश्न नसतोच. तुम्ही ज्या वर्णनाखाली पाठवलीत त्या वर्णनाशी ती किती जुळते आणि शिवाय प्यायला किती छान आहे, हे त्याला विचारलेलं असतं.

गाणं शिकलेल्यांना हे पटकन समजेल. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर. परीक्षेला बसून भूप म्हणून सुरुवात केलीत आणि धैवतावरच रमलात, तर गळा कितीही गोड असला तरी परीक्षक नापसंतीने मान हलवणार. म्युनिक हेलेस आणि जर्मन पिल्स यांचं नातं असंच आहे. पिल्सनर माल्ट तेच, जर्मन हॉप्स तेच, यीस्टही एकच चालेल. हेलेसमध्ये वजन माल्टवर, कडूपणाचं मोजमाप 16 ते 22; पिल्समध्ये कोरडा, कडू शेवट, 22 ते 40. अल्कोहोल जवळजवळ सारखंच. तुम्ही हेलेस करायला घेतलीत आणि हॉप्स जास्त पडले, तर ती हेलेस म्हणून पाठवू नका. ग्लासात जी बिअर आहे तिचा प्रकार लिहा. मनात जी होती तिचा लिहू नका. पाठवण्याआधी बिअर ओतून, मार्गदर्शिका उघडून, ओळीमागून ओळ ताडून पाहायला अर्धा तास लागतो. गुणांवर या अर्ध्या तासाइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही, असं मी अनुभवाने सांगते.

फळं-मसाल्यांच्या बिअरचं गणित आणखी नाजूक आहे. एकदा मी आमसुलं घालून गोजं केली. गोजं ही जर्मनीची जुनी आंबट बिअर, तिच्यात मीठ आणि धने पडतात, त्यामुळे आमसूल तिथे शोभेल अशी माझी खात्री होती. फ्रूट बिअर गटात पाठवली आणि घटकाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘कोकम’. दोन्ही कागद जवळजवळ सारखे आले: आंबटपणा छान, मीठ छान, पण लिहिलेलं फळ सापडत नाही. सापडणार कसं? त्यांनी कोकम कधी चाखलंच नव्हतं. पुढच्या वर्षी तीच पाककृती, रकान्यात मजकूर वेगळा: ‘कोकम, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आंबट फळ, वाळवलेलं. चव चिंच आणि क्रॅनबेरीच्या मधली, रंग फिका गुलाबी.’ या वेळी दोघांनाही फळ सापडलं. परीक्षकाला नाव कळलं तरी पुरत नाही, काय शोधायचं ते कळायला हवं. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. चव लागत नसेल तर तो घटक लिहूच नका. वेलची लिहिलीत की टेबलावरचे दोघं वेलची शोधणार, आणि ती हाताला लागली नाही तर गुण जाणार.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. तपकिरी काच, 12 औंसांची साधी बाटली, साधं झाकण, कुठे नाव नाही, चित्र नाही. ओळख पटू नये म्हणून संयोजक प्रत्येक बाटलीला क्रमांक देतात आणि परीक्षकापुढे फक्त तो क्रमांक जातो. काच तपकिरी असण्याला कारण आहे. उजेडात हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीशी जुळणारं गंधकाचं एक संयुग तयार होतं. पारदर्शक काचेत, उन्हात, हे मिनिटांत होतं. केगमधून बाटली भरत असाल तर बाटली आधी थंड करा, मानेपर्यंत भरा, फेसावरच झाकण दाबा, म्हणजे आत हवा कमी राहते. टपाल खात्यातून बिअर पाठवायला मनाई आहे, म्हणून खाजगी कुरिअर किंवा हाताने नेऊन देणं हेच पर्याय उरतात. जमेल तिथे मी हाताने नेऊन देते.

आणि त्याच बॅचच्या दोन बाटल्या घरी ठेवा. एक फ्रिजमध्ये, एक बाहेर कपाटात. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. हे न केल्याबद्दल मी बऱ्याच लोकांना हळहळताना पाहिलं आहे.

आता टेबलाकडे या. एका टेबलावर दोन परीक्षक, कधी तीन. मध्ये पाण्याचा जग, पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं, पेले आणि कोऱ्या गुणपत्रिका. पेन्सिली यांत्रिक, कारण लाकडी पेन्सिलीला स्वतःचा वास असतो आणि नाकाशी पेला धरताना तो मध्ये येतो. अत्तर लावून कोणी येत नाही. स्टुअर्ड नावाचे स्वयंसेवक बाटल्या आणून देतात, कागद गोळा करतात. एका बैठकीतल्या बाटल्यांच्या रांगेला फ्लाइट म्हणतात. दहा-बारा बिअर, साधारण हलक्यापासून जडापर्यंत.

बाटली उघडली की आधी वास. ओतल्याबरोबर, पेल्यावर तळहात झाकून, हलवून, नाकाशी. पहिली काही मिनिटं मोलाची असतात, कारण काही वास चटकन उडून जातात. मग रंग, पारदर्शकता, फेस. मग घोट. वाइनसारखी थुंकत नाहीत, गिळतात, कारण कडूपणा गिळल्यावर नीट कळतो. मग तोंडातला जडपणा, फसफस, तुरटपणा. सर्वात शेवटी एकूण मत. हे सगळं होईपर्यंत परीक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, चेहऱ्यानेही काही सांगायचं नाही अशी शिस्त असते. कागद भरून झाले की मग गुण सांगतात. फरक सात गुणांपेक्षा जास्त निघाला तर पुन्हा वास घेतात, पुन्हा चाखतात, आपापलं म्हणणं मांडतात आणि जवळ येतात. एका बिअरला सगळी मिळून दहा मिनिटं. तुम्ही सहा आठवडे दिलेत, ते दहा मिनिटं देतात. सकाळपासूनची ती त्यांची नववी बिअर असू शकते, आणि आठवी फार कडू असू शकते. हे आठवणीत असलं की कागदावरच्या तुटक वाक्यांचा राग येत नाही.

फ्लाइटमधल्या वरच्या बिअरची नंतर एकमेकींशी तुलना होते आणि गटाचं पहिलं, दुसरं, तिसरं ठरतं. शेवटी सगळ्या गटांच्या पहिल्या बिअर एका टेबलावर येतात आणि त्यातून सर्वोत्कृष्ट निवडतात. या पुढच्या फेऱ्यांत गुणपत्रिका भरत नाहीत. म्हणून पहिलं बक्षीस मिळालेल्या बिअरचे गुण दुसरीपेक्षा कमी दिसू शकतात. त्यात गडबड काही नाही.

गुणांची विभागणी अशी: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण मताला 10. म्हणजे नाक आणि जीभ मिळून 32. बिअर गढूळ दिसली म्हणून झुरणाऱ्यांना मी हा 3 चा आकडा दाखवते. कागदाच्या तळाशी पट्ट्या दिलेल्या असतात: 45 पासून वर असामान्य, 38 ते 44 उत्कृष्ट, 30 ते 37 फार चांगली, 21 ते 29 चांगली, 14 ते 20 ठीक, 13 पर्यंत सदोष. 13 च्या खाली सहसा कोणी जात नाही. पिता न येण्याजोग्या बिअरलाही सौजन्य म्हणून 13 देतात. तेव्हा 13 दिसले तर समजा की बॅचमध्ये मोठा दोष आहे, कदाचित जंतुसंसर्ग, आणि नळ्या-तोट्या खोलून तपासायची वेळ आली आहे. 29 आणि 31 मध्ये मात्र काही अर्थ शोधत बसू नका. एकाच टेबलावर दुपारी तीच बिअर दिली तर तेवढा फरक पडू शकतो.

तळाशीच आणखी तीन आडव्या पट्ट्या असतात आणि बहुतेक जण त्या वाचतही नाहीत. पहिली प्रकाराशी जुळणी, दुसरी तांत्रिक निर्दोषपणा, तिसरी शब्दात न पकडता येणारं काहीतरी, बिअर जिवंत वाटते की निर्जीव. या तीन खुणा एकत्र वाचा. निर्दोषपणा वर आणि जुळणी खाली असेल, तर बिअर चांगली आहे, चुकीच्या गटात गेली, पुढच्या स्पर्धेत प्रकार बदलून तीच पाठवा. जुळणी वर आणि निर्दोषपणा खाली असेल, तर पाककृतीला हात लावू नका, दोष प्रक्रियेत आहे. दोन्ही वर आणि तिसरी खाली असेल तर बिअर बहुधा जुनी झाली आहे किंवा फसफस गेली आहे. एकूण गुणांपेक्षा मला या तीन रेघा जास्त सांगून जातात.

मग येतात शब्द. गुणपत्रिकेच्या डाव्या कडेला दोषांची यादी छापलेली असते आणि समोर खूण करायला चौकोन. ही नावं रसायनशास्त्राची असतात, पण त्यांचे वास आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. मी ते मराठीत ओळखायला शिकले तेव्हा माझं नाक सुधारलं.

डायअ‍ॅसिटिल म्हणजे लोण्याचा वास. विरजणाच्या सायीचं लोणी काढताना जो घमघमतो त्यात हाच रेणू असतो. इथेच आपल्या लोकांची पंचाईत होते, कारण तो वास आपल्याला घरचा वाटतो, प्रेमाचा वाटतो, दोष वाटतच नाही. माझ्या सुरुवातीच्या तीन बिअरमध्ये तो होता आणि मला त्या ‘भरदार’ वाटायच्या. यीस्ट आंबवताना याचा पूर्वज रेणू बाहेर टाकतं, त्याचं डायअ‍ॅसिटिल होतं, आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं. घाईने थंड केलं की ते तसंच राहतं. लेगर असेल तर आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस 18 ते 20 अंशांवर ठेवायची. झालं की नाही हे पाहायला छोटा नमुना 60 अंशांवर वीस मिनिटं तापवून, थंड करून हुंगायचा. लोणी आलं तर अजून थांबायचं.

अ‍ॅसिटाल्डिहाइडचं वर्णन सगळे हिरवं सफरचंद असं करतात. मला ते नुकत्याच चिरलेल्या कच्च्या भोपळ्यात जास्त पक्कं सापडलं. ही बिअर अजून कोवळी असल्याची खूण. ऑक्सिडेशन म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास, पावसाळ्यात माळ्यावरच्या खोक्यांना येतो तो. हवा लागली, किंवा गरमीत पडून राहिली. क्लोरोफेनॉल म्हणजे औषधी पट्टीचा वास. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन याला कारण होतं आणि कॅम्पडेनची एक गोळी 20 गॅलन पाण्याला पुरते.

लवंगेचा वास जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हवाच, केळ्याचाही. तोच वास हेलेसमध्ये आला तर दोष. म्हणजे चौकोनात खूण दिसली की घाबरायचं नाही, शेजारी काय लिहिलं आहे ते पाहायचं. तिथे ‘प्रकाराला साजेसा’ असंही असू शकतं.

तुरटपणाबद्दल मात्र आपण भाग्यवान आहोत. इंग्रजी बोलणारे नवे परीक्षक कडू आणि तुरट यांत वारंवार गोंधळतात, आणि मी शिकाऊ परीक्षकांबरोबर बसते तेव्हा त्यांना समजावताना दमते. आपल्याकडे लहान मुलालाही जांभूळ खाऊन जीभ ओढली गेली की ते तुरट आणि कारलं ते कडू हे माहीत असतं. सहा रसांत तुरटाला स्वतःची जागा आहे. बिअरमध्ये तुरटपणा येतो तो बहुधा धान्याच्या टरफलांतून, चहाचा चोथा उकळत ठेवल्यावर येतो तसा: धुवायचं पाणी फार गरम, किंवा त्याचा पीएच 6 च्या वर. कागदावर ‘बिटर’ लिहिलेलं दिसलं की मी आधी घरची बाटली उघडून पाहते, त्याला कडू म्हणायचं होतं की तुरट. उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. हॉप्स कमी करून तुरटपणा जात नाही.

आता माझ्या हेलेसकडे परत येते, कारण कागद वाचायचे कसे ते मला तिनेच शिकवलं.

शिजवलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडचा, थोडक्यात डीएमएस. फिक्या माल्टमध्ये, विशेषतः पिल्सनर माल्टमध्ये, त्याचं पूर्वद्रव्य भरपूर असतं, कारण तो माल्ट कमी तापमानावर वाळवलेला असतो. वॉर्ट उकळताना पूर्वद्रव्याचं डीएमएस होतं आणि वाफेबरोबर उडून जातं. म्हणून दुसऱ्या परीक्षकाचा सल्ला पुस्तकाप्रमाणे अचूक होता: जोरात उकळा, जास्त वेळ उकळा. मी नव्वद मिनिटं उकळलं होतं, म्हणून मी ठरवलं की त्यालाच कळत नाही. पहिल्या परीक्षकाने कौतुक केलं होतं, ते मी खरं धरलं आणि कागद फाइलला लावले.

दोन महिन्यांनी क्लबातल्या एका वृद्ध परीक्षकांना ते दाखवले. त्यांनी आधी गुणांकडे पाहिलंच नाही. पहिल्या, कौतुकाच्या कागदावरच्या वासाच्या रकान्यात बोट ठेवलं. तिथे तिसऱ्या ओळीत होतं, ‘गोडसर मका, अगदी कमी.’ मी ते वाचलं होतं आणि आनंदाच्या भरात ओलांडून गेले होते. म्हणजे मका दोघांनाही आला होता. एकाने तो क्षम्य मानला, दुसऱ्याने मानला नाही, आणि गुणांतला फरक बराचसा तेवढाच होता.

मग त्यांनी विचारलं, उकळून झाल्यावर थंड कसं करतेस? मी सांगितलं, तांब्याच्या नळीतून नळाचं पाणी सोडते, कचरा पडू नये म्हणून झाकण ठेवते. जुलै महिना होता, नळाचं पाणी कोमट, थंड व्हायला तासभर लागला होता. तिथेच उत्तर होतं. आच बंद केल्यावरही वॉर्ट गरम असेपर्यंत डीएमएस तयार होतच राहतं, आणि झाकणाखाली ते जाणार कुठे? त्यात डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंच. इथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळतानाही पूर्वद्रव्य हळू फुटतं आणि नव्वद मिनिटांनंतर किनाऱ्यावरच्या गावापेक्षा जास्त शिल्लक राहतं. उरलेलं सगळं त्या तासाभरात झाकणाखाली मका झालं.

परीक्षकाचं नाक बरोबर होतं, सल्ला माझ्या कामाचा नव्हता. मी वैद्याची भाषा वापरते: लक्षण, निदान, औषध. टेबलावरच्या माणसाला फक्त लक्षण दिसतं. माझं भांडं, माझं पाणी, माझं गाव त्याला माहीत नाही, तरी गुणपत्रिका त्याच्याकडून उपायही मागते, म्हणून तो सर्वात संभाव्य निदान लिहितो. लक्षण त्याच्याकडून घ्यायचं आणि निदान आपल्या वहीशी ताडून आपणच करायचं. वही नसेल तर ते करताच येत नाही. तापमानं, वेळा, पाणी कुठलं, झाकण होतं की नव्हतं, सगळं त्या त्या दिवशी लिहिलेलं हवं.

कागद आले की माझी पद्धत ठरलेली आहे. पहिल्या दिवशी वाचून ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली बाटली उघडायची, परीक्षकाच्याच क्रमाने वास, रूप, चव घ्यायची आणि आपला कागद भरायचा, त्यांचा न बघता. मग तिन्ही शेजारी मांडायचे. दोघांनी लिहिलेली गोष्ट, शब्द वेगळे असले तरी, खरी धरायची. एकानेच लिहिलेली असेल तर आपल्या पेल्यात शोधायची. आपल्यालाही सापडली नाही तरी लगेच खोडायची नाही, कारण काही माणसांना विशिष्ट वास येतच नाहीत. डायअ‍ॅसिटिल मुळीच न येणारे लोक असतात, चांगले परीक्षकही, आणि ते स्वतः हे जाणून असतात. अशा वेळी घरच्या दोघांना तीन पेले द्यावेत, दोन एका बिअरचे, एक दुसऱ्या, निर्दोष बिअरचा, आणि वेगळा कोणता एवढंच विचारावं. दोष सांगून विचारलं की सगळ्यांना तो सापडतो.

मग कपाटातली बाटली. कागदावर पुठ्ठा आहे, फ्रिजमधल्या बाटलीत नाही आणि कपाटातलीत आहे, तर दोष तुमच्या हाताचा कमी, प्रवासाचा आणि गोदामातल्या उन्हाळ्याचा जास्त. दोन्हींत असेल तर बाटली भरतानाच हवा आत गेली. हॉप्सने भरलेल्या धूसर आयपीएला तर हवेचा जरासा स्पर्शही सोसत नाही. रंग मळका होतो, फळांचा वास मावळतो. म्हणून ती पाठवायची तर अगदी ताजी पाठवावी.

काही कागद निरुपयोगी असतात, हेही मान्य करायला हवं. ‘छान बिअर, 33’ एवढंच लिहिणारा परीक्षक तुमची फी वाया घालवतो. चांगल्या कागदावर तीव्रता असते, कमी, मध्यम, जास्त, आणि वर्णन आधी, निवाडा नंतर. मी स्वतः लिहिताना प्रत्येक रकान्यात किमान तीन गोष्टी तीव्रतेसकट लिहिते आणि उपाय सुचवताना आधी ‘जर’ घालते: जर झाकण ठेवत असाल तर. समोरच्या माणसाने त्या पातेल्यापाशी उभं राहून दिवस घालवलेला असतो.

कागद लवकर वाचायला शिकायचे असतील तर स्टुअर्ड म्हणून जा. परीक्षा नको, अनुभव नको, बाटल्या आणायच्या आणि पेले उचलायचे. परीक्षक बहुतेक वेळा तुम्हालाही थोडी ओततात. एकाच प्रकारच्या दहा बिअर ओळीने चाखल्या आणि कानावर त्यांची चर्चा पडली, की ‘अगदी कमी’ म्हणजे किती कमी हे नाकाला कळतं.

दुसऱ्या खेपेची हेलेस मी थंडीत केली. वॉर्टच्या नळीआधी बर्फाच्या बादलीतून पाणी फिरवलं, झाकण उचलून बाजूला ठेवलं, वीस मिनिटांत वॉर्ट गार झालं. ती वेगळ्या स्पर्धेत, वेगळ्या परीक्षकांपुढे गेली. 37 आणि 35. मका कुठल्याच कागदावर नव्हता, तिसऱ्या ओळीतही नाही. एकाने मात्र लिहिलं होतं, ‘कडूपणा जरा पुढे आला आहे, जर्मन पिल्सकडे झुकते.’ दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली बाटली उघडली, गिळून शेवट तपासला. कडूच होता, तुरट नव्हता. वहीत लिहिलं: साठाव्या मिनिटाचे हॉप्स पुढच्या वेळी पाच ग्रॅम कमी.